एकोणीस किलोडाल्टनची रेघ

कर्करोगाची पेशी जागा सोडून सरकू लागते, तेव्हा तिच्या पुढच्या कडेला ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू सतत वाढत असतात आणि जुने तंतू सतत तुटत असतात. परांची जशी इमारतीच्या एका बाजूची सोडवून दुसऱ्या बाजूला बांधतात, तसा हा सांगाडा एकीकडे मोडतो आणि त्याच मालातून दुसरीकडे उभा राहतो. मोडण्याचं काम करणाऱ्या प्रथिनांपैकी मला ज्याचा शोध घ्यायचा होता, ते कोफिलिन. त्याच कुळातलं एडीएफ (ॲक्टिन डीपॉलिमरायझिंग फॅक्टर) हे प्रथिन १९८० साली जेम्स बॅमबर्ग यांनी कोंबडीच्या भ्रूणांच्या मेंदूतून वेगळं केलं होतं. डुकराच्या मेंदूतून कोफिलिन मिळालं ते १९८४ साली, जपानमध्ये. या दोन भावंडांचं नातं माझ्या कामात पुढे फार महत्त्वाचं ठरणार होतं.

कोफिलिन लहान आहे, १६६ अमिनो आम्लांचं. त्यातल्या तिसऱ्या जागेवरच्या सेरिनला फॉस्फेट जोडला गेला की ते ॲक्टिनला धरू शकत नाही, म्हणजे ते बंद होतं. हा फॉस्फेट जोडण्याचं काम लिम कायनेज करतं. १९९८मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ते दाखवून दिलं. काढण्याचं काम स्लिंगशॉट नावाची फॉस्फेटेज करते, ती २००२मध्ये सापडली. लिम कायनेजला चालना देणाऱ्यांत रॉक नावाचं आणखी एक कायनेज आहे. त्यामुळे पेशीत कोफिलिन किती आहे एवढं मोजून भागत नाही. त्यातलं किती बंद पडलेलं आहे, ते कळायला हवं.

माझा प्रश्न साधा होता. आमच्या सहकारी रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेलं एक संयुग स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ या पेशींना दिलं, की त्यांचं सरकणं मंदावत होतं. पेशींच्या सलग थरावर पिपेटच्या टोकाने ओरखडा काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तो किती भरून आला ते बघायचं, ही त्याची चाचणी. पेशी पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या संस्थेच्या भांडारातून आणलेल्या होत्या. (या पेशी मुळात ज्या स्त्रीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढल्या, तिच्याविषयी मी नेहमी विचार करते. तिचा आजार जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये अजून वाढतो आहे आणि आम्ही त्यावरच शिकतो आहोत.) फॅलॉइडिन हे डेथ कॅप या जीवघेण्या अळंबीतलं विष ॲक्टिनच्या तंतूंना घट्ट चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडून पाहिलं, तर संयुग दिलेल्या पेशींमधले आडवेतिडवे जाड ताण-तंतू जवळपास नाहीसे झालेले दिसत होते.

मॅडमना, म्हणजे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांना, चित्रं दाखवली. त्यांनी ती मोठी करून करून पाहिली आणि म्हणाल्या, "छान आली आहेत. पण तंतू गेले एवढंच यातून कळतंय. का गेले, ते कुठे दिसतंय? रॉक बंद होत असेल तर कोफिलिनवरचा फॉस्फेट कमी व्हायला हवा. तो दाखव मला."

तो दाखवायचा तर अँटिबॉडी हवी. रीत वेस्टर्न ब्लॉटची: पेशींतली प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उचलून घ्यायची आणि अँटिबॉडी लावायची. ती जिथे बसते तिथे रेघ उमटते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अँटिबॉडी म्हणजे एक द्रावण असतं, ते टाकलं की हवं ते प्रथिन दिसतं. १९७५मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच रेणूला ओळखणाऱ्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची रीत शोधली आणि १९८४मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते याच सोयीसाठी. सोय मोठीच आहे. पण अँटिबॉडी प्रथिनाचं नाव वाचत नाही. पृष्ठभागावरचा एक छोटासा आकार, आठ-दहा अमिनो आम्लांएवढा, तिला कळतो. तो आकार दुसऱ्या कुठल्या प्रथिनावर असेल तर तिथेही ती तितक्याच निष्ठेने बसते. दोष तिचा नसतो. तिला काय विचारलं गेलंय हे आपल्याला माहीत हवं.

मला दोन हव्या होत्या. एक सगळं कोफिलिन ओळखणारी आणि दुसरी फक्त तिसऱ्या सेरिनवर फॉस्फेट असलेलं कोफिलिन ओळखणारी. माहितीपत्रकं वाचताना मी तीन गोष्टी शोधत बसायचे: ती कुठल्या तुकड्याविरुद्ध बनवली आहे, फॉस्फेट काढून टाकल्यावर रेघ जाते असं दाखवलंय का, आणि ती मोनोक्लोनल, म्हणजे एकाच आकाराला ओळखणारी एकसारखी, आहे का. पॉलिक्लोनल अँटिबॉडी एका प्राण्याच्या रक्तातून येते. तो प्राणी गेला की पुढचा लॉट वेगळा. पाच वर्षांच्या पीएचडीत मला तो धोका नको होता. शेवटी सशाची मोनोक्लोनल ठरली. मागवल्यापासून हातात पडेपर्यंत बरेच आठवडे गेले, कारण ती परदेशातून येते आणि कस्टम्समध्ये थांबते. आली ती करंगळीच्या पेराएवढ्या नळीत, शंभर मायक्रोलिटर. अर्धं ग्लिसरॉल असल्यामुळे उणे वीस अंशांतही ती गोठत नाही, म्हणून तिचे छोटे भाग करायची गरज नव्हती. मात्र आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये ती ठेवायची नाही, कारण त्यातलं तापमान सारखं वरखाली होतं.

खरी लढाई पेशी फोडण्याच्या क्षणाला असते. जिवंत पेशीत फॉस्फेट जोडणारे आणि काढणारे दोघंही कामात असतात. पेशी फुटली की सगळं एकमेकांत मिसळतं आणि काढणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. काही मिनिटांत आपण मोजायला निघालेली गोष्टच पुसली जाऊ शकते. म्हणून बर्फावर काम, आणि बफरमध्ये फॉस्फेटेजना अडवणारी रसायनं. त्यातलं सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट मला फार आवडतं. स्लिंगशॉट ज्या कुळातली आहे त्या कुळाला ते आवर घालतं, पण नुसतं पाण्यात विरघळवून उपयोग नाही. पीएच दहावर आणताना द्रावण पिवळं पडतं, कारण रेणू एकमेकांना जोडले जातात. मग ते रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करायचं, पुन्हा पीएच बघायचा, पुन्हा उकळायचं. दहावर असतानाही ते पाण्यासारखं स्वच्छ राहिलं की तयार झालं. ताईंनी, म्हणजे आमच्या लॅबमधल्या पोस्टडॉकनी, मला ते शेजारी उभं राहून करायला लावलं होतं. "विकतचं तयार मिळतं," त्या म्हणाल्या, "पण हा रंग एकदा जाताना बघ, म्हणजे मग लक्षात राहील की कशासाठी टाकतोय."

तरीही ताईंचा भरवसा दुसऱ्या रीतीवर होता. उकळतं एसडीएसचं, म्हणजे प्रथिनं उलगडणाऱ्या एका डिटर्जंटचं, द्रावण सरळ पेशींवर ओतायचं. एन्झाइमं त्याच क्षणी उलगडून निकामी होतात आणि फॉस्फेट जिथल्या तिथे राहतो. पेशींचा डीएनए बाहेर येऊन सगळं शेंबडासारखं चिकट होतं, ते बारीक सुईतून आतबाहेर करून पातळ करावं लागतं. आम्ही दोन्ही रीती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. उकळत्या द्रावणाच्या नमुन्यात फॉस्फो-कोफिलिनची रेघ ठळक होती, बर्फावरच्या नमुन्यात फिकी, आणि एकूण कोफिलिन दोन्हीत सारखं. त्यानंतर मी मागे वळून पाहिलं नाही. एक पथ्य मात्र पाळायचं: या द्रावणात जेलसाठी लागणारं डीटीटी हे रसायन आणि निळा रंग आधीच घालायचे नाहीत. डीटीटी असेल तर प्रथिन मोजण्याची बीसीए चाचणी चुकीचा आकडा देते. आधी मोजायचं, मग घालायचं.

कोफिलिन सुमारे १९ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) असल्यामुळे जेलमध्ये ते अगदी तळाशी, रंगाच्या आघाडीच्या जवळ पळतं. म्हणून पंधरा टक्क्यांचं जेल, आणि जेलमधून प्रथिनं उचलून घ्यायला ०.२ मायक्रॉन छिद्रांचं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन. नेहमीच्या ०.४५च्या मेम्ब्रेनमधून इतकं लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं. मी एका ब्लॉटमध्ये मुद्दाम दोन मेम्ब्रेन एकावर एक ठेवली आणि मागच्यावर काही येतं का ते पाहिलं. मागे काहीच नव्हतं, तेव्हा ट्रान्सफरची वेळ पक्की केली. पॉन्सोच्या लाल रंगात सगळ्या लेन सारख्या भरलेल्या दिसल्या की मनाला जो धीर येतो, तो वेस्टर्न ब्लॉट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असेल.

ब्लॉकिंगला, म्हणजे अँटिबॉडी मेम्ब्रेनवर कुठेही चिकटू नये म्हणून रिकामी जागा भरायला, आमच्याकडे सर्रास दुधाची पावडर वापरतात. फॉस्फेटच्या अँटिबॉडीला ती चालत नाही, कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं प्रथिन आहे. म्हणून बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन), पाच टक्के. प्रायमरी, म्हणजे फॉस्फो-कोफिलिन ओळखणारी अँटिबॉडी, हजारात एक या प्रमाणात, रात्रभर, चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये, रॉकरवर. सकाळी धुणं, मग सशाच्या अँटिबॉडीला चिकटणारी सेकंडरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं, आणि शेवटी प्रकाश देणारं द्रावण घालून इमेजरमध्ये.

स्क्रीनवर रेघ उमटली. वीसच्या खुणेच्या जरा खाली, सगळ्या लेनमध्ये, सुबक. आणि वर साठ-पासष्टच्या आसपास आणखी एक, फिकी पण स्पष्ट.

इथून पुढचं काम हा माझ्या मते या सगळ्याचा गाभा आहे. खालची रेघ हवी तिथे आहे म्हणून ती आपलीच, आणि वरची नको तिथे आहे म्हणून ती कापून टाकायची, असं करणारे पुष्कळ आहेत. छापलेल्या लेखांत रेघेच्या वरखाली जेमतेम बोटभर पट्टी दाखवलेली असते, त्यामागे अनेकदा हेच असतं. मला ते पटत नाही. योग्य वजनाला रेघ येणं ही फक्त सुरुवात आहे. १९ किलोडाल्टनची प्रथिनं पेशीत भरपूर असतात.

आधी प्रायमरी न घालता नुसती सेकंडरी लावलेली पट्टी केली. ती कोरी आली, म्हणजे दोन्ही रेघा प्रायमरीमुळेच होत्या. मग फॉस्फेटचा प्रश्न. उकळत्या एसडीएसमधल्या नमुन्यात एन्झाइम चालत नाही, म्हणून प्रयोग मेम्ब्रेनवरच केला. ब्लॉक केलेलं मेम्ब्रेन मधोमध कापलं. एक अर्धं लॅम्डा फॉस्फेटेज या फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइममध्ये, मँगनीज घालून, ऊबदार ठेवलं. दुसरं त्याच बफरमध्ये, तितकाच वेळ, फक्त एन्झाइमशिवाय. नंतर दोन्हीला फॉस्फोची अँटिबॉडी. एन्झाइम लागलेल्या अर्ध्यावरची खालची रेघ पूर्ण पुसली गेली होती, दुसऱ्यावर ती तशीच होती. वरची रेघ मात्र दोन्हींवर सारखीच होती. म्हणजे खालची रेघ फॉस्फेट ओळखत होती, वरचीला फॉस्फेटशी देणंघेणं नव्हतं.

पण फॉस्फेट कोणावरचा? ते विचारायला एसआय-आरएनए, म्हणजे ठरावीक प्रथिन बनणं थांबवणारे आरएनएचे तुकडे, वापरून पेशींना कोफिलिन बनवूच दिलं नाही. एकूण कोफिलिनची रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली. वरची जशीच्या तशी, म्हणजे ती कोफिलिनची नव्हतीच, हे नक्की. फॉस्फोची रेघ कमी झाली, पण गेली नाही. एकूण कोफिलिन इतकं उतरलं असताना फॉस्फो-कोफिलिन त्यापेक्षा जास्त शिल्लक कसं राहील?

पुन्हा केलं. तसंच आलं. पेशींचा नवा साठा काढून केलं. तसंच.

उत्तर प्रथिनांच्या क्रमात होतं. मी कोफिलिन आणि एडीएफ यांचे क्रम एकाखाली एक लिहून काढले. दोन्हींची सुरुवात मेथिओनिन, ॲलानिन, सेरिन, ग्लायसिन, व्हॅलिन. पहिली पाचही सारखी. फॉस्फेट बसतो तो सेरिन बरोबर त्यांच्या मधोमध. अँटिबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध बनवली होती तो तुकडाच दोन्हीकडे असल्यावर तिने भेद करावा तरी कसा? वजनही जवळजवळ तेवढंच, त्यामुळे जेलमध्ये दोघं एकाच रेघेत. एकूण कोफिलिनची अँटिबॉडी वेगळ्या भागाविरुद्ध होती, म्हणून ती फक्त कोफिलिनला मोजत होती आणि दोन्ही रेघांचा हिशोब जुळत नव्हता. मग कोफिलिन आणि एडीएफ दोन्ही एकदम बंद केले. उरलेली फॉस्फोची रेघही खाली बसली.

त्या संध्याकाळी मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. काही नवीन सापडलं नव्हतं. १९८०-८४मध्ये वेगळी काढलेली ही भावंडं एकाच कायनेजची गिऱ्हाइकं आहेत, हे आधीपासून माहीत होतं. पण माझ्या पेशींमध्ये, माझ्या मेम्ब्रेनवर, ती रेघ नेमकी कशाची आहे हे आता मी कोणालाही डोळ्यात डोळे घालून सांगू शकत होते. तेव्हापासून माझ्या सगळ्या आकृत्यांमध्ये तिथे 'फॉस्फो-एडीएफ/कोफिलिन' असं लिहिलेलं आहे आणि पूर्ण, न कापलेला ब्लॉट सोबत जोडलेला आहे, वरच्या रेघेसकट.

लोडिंग कंट्रोलवरून, म्हणजे सगळ्या लेनमध्ये सारखा माल आहे हे दाखवणाऱ्या प्रथिनावरून, मॅडमशी बराच वाद झाला. आमच्याकडे सवयीने बीटा-ॲक्टिन लावतात. मी म्हटलं, "मॅडम, आपण ॲक्टिनचेच तंतू मोडतायत असं म्हणतोय, मग तेच स्थिर आहे असं धरून कसं चालेल?" त्यांचं म्हणणं होतं की एसडीएसमध्ये सगळे तंतू सुटे होतात, त्यामुळे ब्लॉटमध्ये फक्त एकूण ॲक्टिन दिसतं आणि ते बदलत नाही. हे खरं आहे, मला मान्यही आहे. तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका का ठेवायची? शेवटी जीएपीडीएच हे प्रथिन ठरलं, ३७ किलोडाल्टनचं, कोफिलिनपासून पुरेसं लांब. फॉस्फो आणि एकूण यांच्यासाठी एकच मेम्ब्रेन धुऊन पुन्हा वापरण्याऐवजी मी एकाच नमुन्यांची दोन जुळी जेल चालवली, कारण धुताना अँटिबॉडीबरोबर थोडं प्रथिनही निघून जाऊ शकतं.

मायक्रोस्कोपखाली हीच अँटिबॉडी वापरायची इच्छा सगळ्यांनाच होती. ब्लॉट किती आहे ते सांगतो, चित्र कुठे आहे ते. इथे अडचण स्थिरीकरणाची, म्हणजे पेशी आहे तशी पक्की करून ठेवण्याची. कोफिलिनसाठी फॉर्मल्डिहाइडनंतर गार मिथेनॉलचा हात बरा पडतो, पण मिथेनॉल ॲक्टिनच्या तंतूंची घडण बिघडवतं आणि मग फॅलॉइडिन चिकटतच नाही. म्हणून दोन वेगळ्या काचा. शिवाय एक तिसरी, जी माझ्या मते सर्वांत मोलाची: कोफिलिन आणि एडीएफ दोन्ही बंद केलेल्या पेशींना आधी वेगळा रंग देऊन त्या साध्या पेशींमध्ये मिसळायच्या आणि एकाच काचेवर वाढवायच्या. एकाच दृश्यात शेजारी-शेजारी दोन्ही, तोच प्रकाश, तीच अँटिबॉडी, तेच धुणं. पेशीच्या कडेची चमक बंद केलेल्या पेशींमध्ये विझलेली दिसली. केंद्रकातली नाही. केंद्रकातली चमक दोघींमध्ये सारखीच होती. कोफिलिन केंद्रकात जाऊ शकतं हे माहीत असल्यामुळे त्या चमकेवरून गोष्ट रचायचा मोह होत होता. पण प्रथिन नसतानाही जी चमक राहते, तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. केंद्रक मी मोजमापातून वगळलं.

आता मूळ प्रश्न. उपाशी ठेवलेल्या पेशींना रॉकला चेतवणारं एलपीए दिलं, तर फॉस्फोची रेघ वाढत होती. रॉकला अडवणारं वाय-२७६३२ आधी देऊन ठेवलं, तर ती वाढत नव्हती. दोन्ही टोकं नीट हलत होती, म्हणजे आमची मोजणी वर आणि खाली दोन्हीकडे पाहू शकत होती. मग आमचं संयुग. ताण-तंतू गेलेले, पेशी थांबलेल्या, आणि फॉस्फो-एडीएफ/कोफिलिनची रेघ? एलपीएने जितकी वाढायची तितकीच वाढलेली. संयुगाने तिला हात लावला नव्हता.

सगळे प्रयोग पुन्हा झाले, आकडे मांडले, आणि मॅडमच्या टेबलावर कागद ठेवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे आपला अंदाज चुकला."

"हो मॅडम. पण रेघ बरोबर आहे."

त्यांनी मान डोलावली आणि कागद उलटा करून मागे आकृती काढायला घेतली. रॉकपासून दोन वाटा निघतात. एक लिम कायनेजमार्गे कोफिलिनकडे, दुसरी मायोसिनकडे. ताण-तंतूंना ताठ ठेवणारा जोर मायोसिनचा. मायोसिनच्या हलक्या साखळीच्या (त्याच्या एका लहान भागाच्या) एकोणिसाव्या सेरिनवर फॉस्फेट असेल तर तो जोर राहतो, गेला की तंतू ढिले पडतात. आमचं संयुग त्या वाटेवर काम करत असेल, तर कोफिलिन जागच्या जागी असतानाही तंतू जाऊ शकतात. हे विचारण्यासाठी आधी कोफिलिनची वाट खरोखर मोकळी आहे हे ठामपणे कळायला हवं होतं. ते कळलं होतं.

मायोसिनच्या हलक्या साखळीची फॉस्फो-अँटिबॉडी गेल्या आठवड्यात आली. तीही सशाची मोनोक्लोनल, आणि ते प्रथिनही साधारण १८ ते २० किलोडाल्टनचं, म्हणजे पुन्हा पंधरा टक्क्यांचं जेल आणि ०.२चं मेम्ब्रेन. संयुग दिलेले नमुने उणे ऐंशीत तयार आहेत, पण ते मी अजून लावलेले नाहीत. पहिल्या मेम्ब्रेनचं एक अर्धं लॅम्डा फॉस्फेटेजमध्ये जाणार आहे, आणि साखळीच्या भावंडांचे क्रम मी एकाखाली एक लिहून काढायला घेतले आहेत.